अध्यासन हेच खरे स्मारक



पिढ्यानुपिढ्या वकील घडविणाऱ्या आपल्या दिवंगत सरांचे स्मारक कोणते असावे, हा आज आपल्यापुढील प्रश्न आहे. तैलचित्राला वर्षातून एकदा हार पडतो. अध्यासनावर मात्र एकामागून एक अध्यापक येतात आणि गुरूचे कार्य अखंड चालू राहते.

याचा दाखला मुंबईत आहे. सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी १८५२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ नागरिकांनी निधी जमवून विधिशास्त्राचे अध्यासन निर्माण केले. त्यातूनच १८५५ मध्ये विधिशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. आजचे शासकीय विधी महाविद्यालय ते हेच. १९३५ मध्ये त्याच अध्यासनावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर विराजमान झाले. देणगीदारांनी केवळ आसन मांडून ठेवले होते. त्यावर कोण बसेल, हे त्यांना कोठून ठाऊक असणार?

कोल्हापुरात विधी महाविद्यालय १९३३ पासून आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही येथे सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. पण तेथे उभे राहणारे व्यासंगी वकील कोण घडविणार?

म्हणून अध्यासन स्थापावे. मात्र मुद्दलास हात न लावता ते व्याजावर चालावे आणि नेमणूक विद्वत्तेवर व्हावी, ओळखीवर नव्हे. सरांना ज्याने कधी पाहिलेही नाही, त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल, तीच आपली खरी गुरुदक्षिणा.