काटा कुणाच्या हातात आहे?

 नेकनूरहून आम्ही बचत गटांच्या समन्वयक बोलतोय. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐका, पण आज जरा कान देऊन ऐका. विषय सरकारी आहे, तरी आपल्या घरातलाच आहे.

ऊसतोडीला गेलेल्या बायांना एक गोष्ट सांगायला नको. गाडी भरते, कारखान्यावर जाते, काट्यावर चढते आणि पावती हातात येते. पावतीवर जेवढं वजन, तेवढीच मजुरी. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काट्यानं सांगितलं." पण काटा कारखान्याचा, काट्यावर बसलेला माणूस कारखान्याचा, त्याचा पगारही कारखान्याचा. तो माणूस अगदी सज्जन असेल. तरी आपल्या मनात पाल चुकचुकतेच. म्हणून शेतकरी म्हणतात, आम्हाला बाहेरच्या काट्यावर वजन करू द्या.

सरकारी कामात गडबड झाली की असंच होतं. चौकशी करणाराही बहुतेक वेळा सरकारी माणूसच असतो. ज्यांची चौकशी करायची, त्यांच्याच हातात त्याची बदली आणि बढती. मग तो कुणाच्या बाजूचा, हे कसं ओळखायचं? त्याचा शब्द कधी धरायचा? आज याच्यावर बोलू.

आधी आमची चूक सांगतो. मागे एका गावात ग्रामसंघाकडे तक्रार आली. एका गटाच्या वहीत एका ताईच्या नावावर तीस हजारांचं अंतर्गत कर्ज होतं, आणि ती ताई म्हणत होती, मी घेतलंच नाही. वह्या तपासायला आम्ही त्याच गावातल्या तिघी नेमल्या. त्यातली एक हिशेबाला फार पक्की. अक्षर सुंदर, रुपयाचा फरकही सोडायची नाही. म्हणून मुख्य काम तिच्याकडं दिलं. तिनं आठ दिवसांत पासबुक, रोखवही, पावत्या सगळं लावून दाखवलं. अध्यक्षांनी पैसे स्वतः वापरले होते.

बैठकीत अध्यक्ष उभ्या राहिल्या आणि एकच वाक्य बोलल्या. "हिचा मालक ग्रामपंचायतीला आमच्या विरोधातल्या पॅनलमध्ये होता, ही दुसरं काय लिहिणार?" झालं. अर्ध्या बाया इकडं, अर्ध्या तिकडं. तीस हजारांचं कुणी बोलेना, सगळ्या पॅनलचं बोलू लागल्या. पासबुक उघडं पडलं होतं, पण बघायला कुणी तयार नाही.

शेवटी दुसऱ्या गावच्या दोन ताई बोलावल्या. त्यांचा या गावाशी ना सोयरसंबंध, ना भावकी. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तपासलं. तीस हजारांचं जे पहिलीनं लिहिलं होतं, तेच निघालं. पण आणखी एक गोष्ट निघाली. बाराशे रुपयांचा एक खर्च पहिलीनं अध्यक्षांच्या खात्यावर टाकला होता, आणि त्याची पावती वहीच्या मागच्या पानात चिकटवलेली होती. पहिलीनं अध्यक्षांना त्याबद्दल विचारलंच नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती. पण मनात आधीच ठरलं असलं की मागचं पान उलटायचं राहून जातं.

चूक तिच्यापेक्षा आमची मोठी. आम्ही तिचा प्रामाणिकपणा बघितला, तिचं अंतर बघितलं नाही. प्रामाणिक असणं वेगळं आणि लांबचं असणं वेगळं. तपासणाऱ्याजवळ दोन्ही लागतं.

गंमत म्हणजे हे शहाणपण कायद्यात आधीच लिहिलेलं होतं. रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण कसं करायचं, याचे नियम केंद्रानं 2011 मध्ये काढले. त्यात स्पष्ट आहे, ज्या ग्रामपंचायतीचं अंकेक्षण असेल, त्या ग्रामपंचायतीतली रहिवासी व्यक्ती त्या कामाला साधन व्यक्ती म्हणून नेमायची नाही. काम करून घेणाऱ्या यंत्रणेनं त्यात ढवळाढवळ करायची नाही, हेही त्यात आहे. गावातली बाई वाईट असते म्हणून हा नियम नाही. तिला उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं, म्हणून आहे.

लांब कशाला जायचं? आपल्याच केजच्या रस्त्यावरच्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 ला खून झाला. तपासाला विशेष पथक नेमलं. पण पथकातल्या पोलिसाच्या जवळिकीवर बोट ठेवलं गेलं, आणि जानेवारी 2025 मध्ये ते पथक बदलून नवं नेमावं लागलं. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, त्यावर आपण बोलायचं नाही. पण तपास सुरू होण्याआधीच त्याच्यावरचा विश्वास ढळला की काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं जवळून बघितलंय.

आता मोठ्या साहेबांकडं येऊ. सरकारी नोकराला मत असतं. तो मतदानही करतो, आणि ते बरोबरच आहे. पण महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 प्रमाणे त्याला पक्षाचं सभासद होता येत नाही, प्रचार करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. जे खास सरकारवरच नजर ठेवायला नेमलेत, त्यांना तर आणखी कडक नियम. आपल्या राज्यानं लोकायुक्तांचा कायदा 1971 मध्ये केला. त्यात लोकायुक्तांना कोणत्याही पक्षाशी संबंध ठेवता येत नाही. देशाचा हिशेब तपासणारे कॅग पद सोडल्यावर पुन्हा केंद्राची किंवा राज्याची सरकारी नोकरी घेऊ शकत नाहीत. राज्यघटनेच्या 148 व्या कलमात तसं लिहिलंय. आज तपास सौम्य कर, उद्या तुला खुर्ची देतो, असा व्यवहारच होऊ नये म्हणून.

पण साध्या अधिकाऱ्यानं नोकरी सोडून पक्षात जायचं ठरवलं तर? मोठ्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खाजगी कंपनीत जायचं असेल तर वर्षभर थांबावं लागतं, नाहीतर सरकारची परवानगी घ्यावी लागते. निवडणुकीला उभं राहायला मात्र थांबायचा नियम नाही. इथंच खरा पेच आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातच तो पडला होता.

जलसंपदा खात्यात विजय पांढरे नावाचे मुख्य अभियंता होते. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांनी राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना लांबलचक पत्र लिहिलं. धरणांच्या कामांत खर्च फुगवलाय, कामं निकृष्ट आहेत, असं त्यात होतं. त्याच सुमारास राज्याच्या आर्थिक पाहणीतून दिसत होतं की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम 0.1 टक्क्यानं वाढलं. खर्चाचा आकडा 70,000 कोटींचा सांगितला जात होता. सरकारनं श्वेतपत्रिका काढून सांगितलं की वाढ याहून बरीच जास्त आहे. सप्टेंबर 2012 मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पुन्हा पदावर आले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमलं गेलं. आठवतंय ना ते साल? आपल्याकडं नद्या कोरड्या, टँकरपुढं घागरींची रांग, पुढं जनावरं छावणीत. धरणातल्या पाण्याचा हिशेब आपल्याला चुकवून चालणारच नव्हता.

पुढं 2013 मध्ये पांढरे साहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आम आदमी पक्षात गेले, 2014 ला नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. लगेच लोक म्हणायला लागले, "बघा, सगळं राजकारणच होतं." आमच्या बैठकीत अध्यक्ष बोलल्या, तेच वाक्य.

अशा वेळी बायांनो, तारखा बघायच्या. पत्र फेब्रुवारी 2012 चं. तो पक्ष स्थापन झाला नोव्हेंबर 2012 मध्ये. पत्र लिहिलं तेव्हा तो पक्ष जन्मलाच नव्हता. म्हणून काही पत्रातला प्रत्येक शब्द खरा ठरत नाही. तो कागदपत्रं बघूनच ठरवायचा. पण माणूस नंतर कुठं गेला, एवढ्यावरून पत्र खोटंही ठरत नाही. तरी आमचं स्पष्ट मत आहे, अशा माणसानं पक्षात जायच्या आधी काही वर्षं थांबावं. हक्क नाही म्हणून नाही. त्याच्या कागदावर ज्यांची आशा आहे, त्यांचं नुकसान होतं म्हणून.

हा पेच परदेशातही पडला. इंग्लंडमध्ये कोविडची बंदी असताना पंतप्रधानांच्या कार्यालयात पार्ट्या झाल्या. स्यू ग्रे नावाच्या ज्येष्ठ सरकारी अधिकारी बाईंनी चौकशी करून मे 2022 मध्ये अहवाल दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि विरोधी पक्षनेत्याकडं मोठं पद स्वीकारलं. पंतप्रधान राहिलेल्या बोरिस जॉन्सन यांच्या बाजूचे लोक म्हणाले, अहवालच पक्षपाती होता. पण त्याच पार्ट्यांबद्दल पोलिसांनी वेगळा तपास करून खुद्द पंतप्रधानांना दंड केला होता, आणि तोही अहवालाच्या आधी. दुसऱ्या काट्यावरचं वजन होतं, म्हणून पहिलं टिकलं. आमच्या ग्रामसंघात दुसऱ्या गावच्या ताईंनी केलं ते हेच. तिकडं त्या बाईंना नवं पद घ्यायच्या आधी काही महिने थांबायला सांगितलं गेलं. थांबा सांगणारं कुणीतरी तिथं होतं, हे लक्षात ठेवा.

आता सिंचनाच्याच प्रकरणातली पुढची गोष्ट. तपास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं गेला. हा विभाग राज्याच्या गृहखात्याखाली चालतो. नोव्हेंबर 2018 मध्ये या विभागानं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात अजित पवारांवर जबाबदारी टाकली होती. 2019 च्या अखेरीस, राज्यात सत्तेची उलथापालथ चालू असताना, त्याच विभागानं दुसरं प्रतिज्ञापत्र दिलं आणि त्यांच्यावर जबाबदारी येत नाही असं सांगितलं. पहिलं खरं की दुसरं, हे ठरवायला आम्ही बसलो नाही. पण एकाच काट्यावर, त्याच मालाचं वजन एका वर्षात असं बदललं, तर शेतकरी काय विचारेल? मालाला विचारणार नाही, काट्याला विचारेल.

म्हणून अधिकाऱ्याच्या पोटात कोणता पक्ष आहे, हे शोधत बसू नका. पोट कुणाला दिसतं? त्याची बदली कुणाच्या हातात आहे, ते बघा. 2013 च्या दुष्काळात आपले जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांच्या बदलीचा हुकूम निघाला, तेव्हा जिल्हा बंद झाला, लोक रस्त्यावर उतरले. चांगलं केलं. पण बंद एखाद्याच साहेबासाठी होतो. कायदा सगळ्यांसाठी असतो. राज्याचा 2005 चा बदल्यांचा कायदा म्हणतो, एका जागी साधारण तीन वर्षं. त्याआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवायचं. ते लेखी कारण मागायला शिकलं पाहिजे. आणि एक सांगतो, चौकशीला आलेल्या साहेबांना हारतुरे घालू नका, "आपला माणूस" म्हणू नका. आज आपला म्हटला की उद्या समोरचे म्हणणार, तुमचाच होता.

आता वही-पेन घ्या. गावात कसलीही चौकशी लागली, रेशनची, घरकुलाची, रोजगार हमीची, तर चार प्रश्न विचारा. चौकशी करणाऱ्याला नेमलं कुणी? ज्याची चौकशी, त्याच्याशी याचं नातं, भावकी किंवा देणंघेणं आहे का? ज्याच्यावर आरोप, त्याचं म्हणणं लेखी घेतलं का? आणि अहवाल कुठं आहे? अहवाल देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमच्या त्या हिशेबाच्या ताईचं राहिलंच. अध्यक्षांनी पैसे हप्त्यानं परत केले, गट चालू आहे. पण ताईनं वही लिहायचं सोडलं. आम्ही दोनदा घरी गेलो. ती म्हणाली, "खरं लिहूनही मी पार्टीची ठरले, आता मला नको." आम्हाला उत्तर देता आलं नाही. तिला दुसऱ्या गावच्या वह्या दिल्या असत्या, तर तिचं खरं तिथं टिकलं असतं. हे आम्हाला उशिरा कळलं. या महिन्यात पुन्हा जाणार आहोत, शेजारच्या गावच्या गटाची वही घेऊन. ती हो म्हणाली, तर पुढच्या वेळी तुम्हाला सांगू.

तोपर्यंत तुमच्या ग्रामसंघात एक ठराव करा. आपल्या वह्या वर्षातून एकदा दुसऱ्या गावच्या बाया तपासतील, आणि आपण त्यांच्या.