लेखणीचा उलटा लिलाव



बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव आपण पाहिलेलाच आहे. माल एकाचा, व्यापारी अनेक, आणि बोली चढत जाते. आज ज्या बाजाराविषयी बोलायचं आहे, तिथं मात्र बोली उतरते. इंटरनेटवर काही संकेतस्थळं अशी आहेत, की कुणीतरी जाहिरात टाकतो, ‘मला अमुक विषयावर लेख हवा’, आणि जगभरचे लेखक आपापला भाव कळवतात. रस्त्याच्या कामाची निविदा भरतात ना, तसाच हा प्रकार.

हा बाजार तसा नवा नाही. ईलान्स आणि ओडेस्क या दोन अमेरिकन कंपन्या एकत्र येऊन २०१५ साली अपवर्क हे नाव रूढ झालं. ऑस्ट्रेलियातली फ्रीलान्सर ही दुसरी मोठी पेढी. ठरीव रकमेच्या कामाचे पैसे आधी या मध्यस्थाकडे जमा होतात, आणि काम पसंत पडलं की दलाली कापून लेखकाला मिळतात. अपवर्कने २०२३ साली दलाली सरसकट दहा टक्के केली होती. २०२५ पासून नव्या करारांवर ती शून्य ते पंधरा टक्के झाली. शिवाय अर्ज करण्यासाठी ‘कनेक्ट्स’ खर्चावे लागतात. संपले की ते विकत घ्यायचे, मग काम मिळो की न मिळो!

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एक लेख तुम्ही दोन हजार रुपयांत घेतलात. दहा टक्के गेले, उरले अठराशे. वाचणं, लिहिणं, दुरुस्त्या यांत सहा तास गेले. पण त्याआधी जे दहा अर्ज वाया गेले, त्यांचेही पाच तास धरायला नकोत का? म्हणजे तासाला सुमारे १६४ रुपये पडले. हाच लेख काम मिळावं म्हणून सहाशेला घेतला, तर तासाला ४९! आपल्या गावच्या मजुरीशी हा आकडा ताडून पाहा. एकदा सहाशेला घेतलेल्या माणसाला पुढच्या खेपेला दोन हजार कोण देणार?

म्हणून माझं मत असं, की कुणीही लिहू शकेल अशा विषयावर बोली लावूच नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तसला मजकूर यंत्रच लिहून देतं. ज्याला द्राक्षबागेची छाटणी हातानं ठाऊक आहे, जो चौथीच्या मुलाला अपूर्णांक समजावतो, जो इंग्रजी पत्रकाचं मराठी बोलीच्या अंगानं करू शकतो, त्यानं तेवढंच मागावं. अर्जही चार ओळींचाच, पण त्यातून जाहिरात नीट वाचल्याचं दिसलं पाहिजे. सोबत आपल्या लेखनाचे दोन-तीन नमुने असावेत. कुठं छापून आलं नसेल, तर घरी बसून लिहिलेले चालतात.

‘नमुना म्हणून पूर्ण लेख फुकट लिहून द्या,’ असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणावं. पैसे जमा झाल्याची खूण खात्यात दिसेपर्यंत पहिला शब्दही लिहू नये. ‘संकेतस्थळ सोडून बाहेर व्यवहार करू, दलाली वाचेल,’ हा मोह तर टाळाच. बाहेर पडलात की त्या मध्यस्थाचं संरक्षण संपलं. काम देणारानंच तुमच्याकडे नोंदणीची किंवा अनामत रक्कम मागितली, तर ती फसवणूक समजावी. फॉर्म भरण्याच्या कामात आधी पैसे उकळायचे आणि मागाहून चुका काढून वकिलाच्या नोटिशीचा धाक घालायचा, हा धंदा आपल्याकडे बराच चालतो. अशा नोटिशीला भिऊन पैसे भरू नका. १९३० या क्रमांकावर तक्रार करा, आणि जितक्या लवकर कराल तितकं बरं.

आणि गुरुजी, आपण नोकरीत असाल तर सेवेच्या वर्तणूक नियमांत पगाराबाहेरच्या कमाईविषयी काय म्हटलं आहे, ते पहिली बोली लावण्यापूर्वी पाहून घ्या. परवानगी लागत असेल तर ती लेखी घ्यावी, आणि तिची एक प्रत घरी ठेवावी.