जावाचा पडदा आणि गिरणगावचा मांडव

(परळ येथील कुटुंब एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचा सारांश)



इंडोनेशियातील बहुसंख्य समाज मुस्लिम आहे, तरीही तेथील जावा बेटावर आजही रात्ररात्र महाभारत रंगते. या खेळाचे नाव ‘वायांग कुलित’. कातड्याच्या कोरीव बाहुल्या दिव्यासमोर धरल्या जातात आणि त्यांच्या सावल्या पांढऱ्या पडद्यावर पडतात. ‘दालांग’ म्हणजे सूत्रधार. तो एकटाच सर्व बाहुल्या नाचवतो, सर्व पात्रांचे संवाद म्हणतो आणि मागे बसलेल्या वादकांना इशारेही देतो. अर्जुन, भीम, घटोत्कच ही तेथे घरोघरची नावे आहेत. मध्यरात्रीनंतर सेमार, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग हे विदूषक अवतरतात. व्यासांच्या ग्रंथात ते नाहीत. ते जावाच्या मातीतले. गावच्या तक्रारी, महागाई, सासू-सुनांची भांडणे हे सारे त्यांच्या तोंडून येते. उपासनापद्धती बदलली म्हणून पूर्वजांच्या कथा टाकून द्याव्या लागत नाहीत, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

युनेस्कोने २००३ साली या कलेचा गौरव केला. परंतु ही कला मानपत्रावर जगलेली नाही. रेडिओ आला, दालांग रेडिओवर गेला. कॅसेट आली, कॅसेटवर गेला. २०१४ साली मुंबईच्या मनोरंजनविश्वात घडलेली ‘महाभारत’ मालिका इंडोनेशियाच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा अर्जुनाची भूमिका करणारे शाहीर शेख तेथे घरोघरी पोहोचले. पुढे यूट्यूब आले. योगकर्ता येथील दालांग की सेनो नुग्रोहो यांचे रात्रभर चालणारे खेळ त्यावर थेट दिसू लागले आणि तरुणांनी ते डोक्यावर घेतले. २०२० मध्ये महामारीने मांडव बंद पाडले, तेव्हा त्यांनी मोजक्या साथीदारांसह घरूनच खेळ प्रक्षेपित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या मुलांना अर्ध्या मिनिटापलीकडे काही पाहवत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. जावाचे तरुण त्याच मोबाइलवर रात्रभराचा खेळ पाहतात. तेव्हा दोष पडद्याच्या आकाराला देऊन चालणार नाही. कथा सांगणारा समर्थ असेल, तर ऐकणारा थांबतो.

हे वर्णन ऐकताना लालबाग-परळच्या जुन्या रहिवाशांना ओळखीची खूण पटली असेल. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांनी त्यांचे संग्रहालय आपल्या गोठ्यात उभारले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातून गिरणीत आलेला चाकरमानी ट्रंकेबरोबर दशावतार, नमन, शक्ती-तुरा आणि भजनाची डबलबारी घेऊन आला. रात्रभर चालणारा खेळ, पुराणातील आख्यान आणि मध्येच संकासुराचे हसवणे. जावा आणि गिरणगाव यांत फार अंतर नव्हते. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून या कामगार रंगभूमीचे माहेरघर होते. पलीकडे गिरगावात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण दादरला झाले होते. नव्या यंत्रावर पहिली कथा पुराणातली सांगावी, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वीच सुचले होते.

मग घडले काय? १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रेक्षकच पांगला. गावकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या. २०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले आणि त्या जागी पुन्हा नाट्यगृहच व्हावे म्हणून रंगकर्मींना आवाज उठवावा लागला. आज डबलबारीच्या बाऱ्या आणि दशावताराची आख्याने यूट्यूबवर भरपूर सापडतात. परदेशी गेलेला कोकणी माणूसही ती पाहतो. ही समाधानाची गोष्ट आहे, पण अर्धीच. जावामध्ये कॅमेरा मांडवाच्या कडेला उभा असतो आणि समोर गाव बसलेले असते. मांडवच उठला, तर कॅमेऱ्याने टिपायचे काय?

म्हणून कर्तव्य दुहेरी आहे. मोबाइलला नावे ठेवण्यापेक्षा आजोबांना पाठ असलेले आख्यान नातवाने त्यावर ध्वनिमुद्रित करावे. गणेशोत्सव मंडळांनी ध्वनिवर्धकाच्या भिंतींवर होणाऱ्या खर्चातून वर्षाला एक रात्र दशावतारी मंडळीला किंवा पिंगुळीच्या कलावंतांना द्यावी, त्यांना मानाचे मानधन द्यावे आणि मुलांना पुढच्या रांगेत बसवावे. मनोऱ्यातील कुटुंब आणि चाळीतील कुटुंब त्या रात्री एकाच सतरंजीवर बसेल, हा त्यातला आणखी एक लाभ.

संस्कृती संग्रहालयात सुरक्षित राहते, पण वाढते ती मांडवात. समुद्रापलीकडच्या एका समाजाने हे जाणले. ज्या भूमीतून त्या कथा तेथे गेल्या, त्या भूमीच्या लेकरांनी ते विसरू नये.