दारिद्र्याचे मोजमाप आणि विद्वानांचे स्वातंत्र्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विद्यापीठीय स्वातंत्र्याची चर्चा बहुधा सरकारी हस्तक्षेपापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. हस्तक्षेप होतो, हे खरेच. परंतु हे स्वातंत्र्य समाजाने विद्वानांना कशासाठी दिले, हा प्रश्न मागे पडतो. त्याचे उत्तर पुण्यातील एका उदाहरणात सापडते.

१९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील इतका आहार ज्या खर्चात पडतो, ती पातळी त्यांनी किमान मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती खेड्यांत दरमहा १५ रुपये, तर शहरांत साडेबावीस रुपये होती. एवढाही खर्च करू न शकणारे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के होते! ‘गरिबी हटाव’च्या घोषणेने देश दुमदुमत असताना हे आकडे पुढे आले.

सत्ताधाऱ्यांना अप्रिय बोलणाऱ्याला निदान विरोधकांच्या टाळ्या मिळतात. पण याच अभ्यासात त्यांनी असेही मांडले की, जमिनीच्या फेरवाटपाने दारिद्र्य हटणार नाही. वाटण्यास पुरेशी जमीनच नाही, म्हणून सार्वजनिक कामे काढून रोजगार पुरविला पाहिजे. डाव्या चळवळीला हे रुचण्यासारखे नव्हते. या निष्कर्षाशी वाद घालता येतो, कारण जमीन हे केवळ उत्पन्नाचे साधन नसून गावातील सत्तेचेही साधन आहे. परंतु ज्यांच्या बाजूने आपली सहानुभूती, त्यांनाही नको असलेला निष्कर्ष न दडविणे, हीच विद्वानाची पहिली जबाबदारी होय.

दुसरी जबाबदारी आपली रीत उघडी ठेवण्याची. पुण्यातलेच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकाच्या या कसोटीवरच आक्षेप घेतला. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरीच्या मापाने गरिबांची संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे. १९८१ साली दांडेकरांनी त्यास लेख लिहून उत्तर दिले. वाद कडक झाला; पण दोघांच्या मांडणीची पडताळणी कोणाही अभ्यासकाला करता येत होती.

ही पडताळणीच पुढे अशक्य करण्यात आली. २०१७-१८ ची कुटुंब-खर्चाची राष्ट्रीय नमुना पाहणी प्रसिद्ध न करण्याचे सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. कारण दिले आकड्यांच्या गुणवत्तेचे. आकडे सदोष असतीलही. ते ठरविण्याची जागा विद्वानांची चर्चा, मंत्रालयाचे कपाट नव्हे. परिणामी २०११-१२ नंतरची पुढची पाहणी २०२२-२३ ची, आणि तिचे निष्कर्ष बाहेर येऊ लागले २०२४ मध्ये.

खासगी संस्थांत स्थिती वेगळी नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरील एका शोधनिबंधापासून हरियाणातील अशोका विद्यापीठाने २०२३ साली जाहीरपणे अंग काढून घेतले. लेखकाने राजीनामा दिला. अर्थशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी मात्र खुले पत्र लिहून त्याची बाजू घेतली.

असे पत्र लिहिणे कायम नोकरीतल्यांनाच परवडते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची असते. प्राचार्यांना वा संस्थाचालकांना न रुचणारे त्याने काय म्हणून लिहावे? विद्यास्वातंत्र्यावरील परिसंवादांत व्यासपीठावर बसतात ते प्राध्यापक. तो बहुधा त्या वेळी कोठे तरी तास घेत असतो.