सिस्टर, मी बरा होईन का?



"सिस्टर, मी बरा होईन का?" हा प्रश्न पेशंट राउंडवर विचारत नाही. तेव्हा खाटेभोवती सात-आठ माणसं उभी असतात. तो विचारतो रात्रपाळीच्या सिस्टरला, ती सलाईन बदलत असताना. आणि आपल्या मुली ठरलेलं उत्तर देतात : "काही होत नाही तुम्हाला, काका", नाहीतर "डॉक्टरांना विचारा". बोलणं तिथेच तुटतं. यात मुलींचा दोष नाही. कॅथेटर घालणं, ड्रेसिंग करणं त्यांच्याकडून डमीवर पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं. हे बोलणं कोण करून घेतं?

लग्न ठरलं की आपल्याकडे याद होते. दोन्हीकडची माणसं बैठकीला बसतात. मानपान, जेवण, कुठला खर्च कोणाचा, सगळं बोलून कागदावर उतरतं, खाली सह्या होतात. हातात अक्षता घेऊन मांडवात कोणी हे ठरवायला बसत नाही. बसलं तर भांडणंच. आजारपणातही याद लागते. व्हेंटिलेटर लावायचा का, नाकातून नळी घालायची का, शेवटचे दिवस आयसीयूत की घरी, मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीनं कोणी बोलायचं. पेशंट शुद्धीवर असताना हे व्हायला हवं. आपल्याकडे ते मांडवात होतं : आयसीयूच्या दाराशी, मध्यरात्री, फॉर्मवर सही करता करता. शिवाय बैठकीला मध्यस्थ लागतो, दोन्ही घरं ओळखणारा. ते काम सिस्टरचं. मध्यस्थ स्थळ लादत नाही, तसं सिस्टरनंही निर्णय लादायचा नाही. विचारायचं, ऐकायचं, केसपेपरवर नोंद करायची, डॉक्टरांना सांगायचं.

कायद्याची वाट मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विल, म्हणजे उपचारांची ही आधीच लिहून ठेवलेली याद, मान्य केलं. जानेवारी २०२३ मध्ये मॅजिस्ट्रेटसमोर जाण्याची अटही काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्याआधीचा, उपचार थांबवण्याबद्दलचा २०११ चा निकाल अरुणा शानबाग यांच्या खटल्यातला. त्या स्वतः मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, बोलणंही गेलं; तेव्हापासून २०१५ पर्यंत तिथल्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं, न्यायालयानंही त्या शुश्रूषेचं कौतुक केलं. खटल्यात सगळे बोलले. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कोणालाच विचारता येत नव्हतं. म्हणून पुन्हा सांगते, बोलता येतंय तोवर विचारा. कागद नंतर. नोटरीकडे जाण्याआधी कोणीतरी खाटेशी बसलेलं असलं पाहिजे.

आता या बोलण्याचा सराव. वर्गात तीन खुर्च्या मांडा. एक मुलगी पेशंट, एक सिस्टर, आणि तिसरी पेशंटचा मुलगा. तिसरी खुर्ची विसरू नका, कारण "बाबांना काही सांगू नका" असं मुलगाच म्हणतो, आणि तो प्रेमानंच म्हणतो. त्याला सांगायला शिकवा : "दादा, मी आपणहून विषय काढणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." आणि पेशंटला, "तुम्हाला असं का वाटतंय, काका?" एवढं विचारून गप्प बसायला शिकवा. गप्प बसणं सर्वांत अवघड जातं. मनात दहा आकडे मोजा, पण उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका.

नातेवाइकांना भीती असते की व्हेंटिलेटर नको असं लिहून दिलं की सगळे हात काढून घेतील. तसं नाही. वेदनेचं औषध, तोंड स्वच्छ करणं, कूस बदलणं, सगळं चालूच राहतं. रोज कूस बदलणाऱ्या सिस्टरनं हे सांगितलं तर घरच्यांना पटतं.

एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना ती बसणार कधी, हा खरा प्रश्न आहे, त्यावर बोलायचं होतं, पण समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. मेट्रनबाईंना विनंती, पुढच्या महिन्याच्या ड्यूटी लिस्टमध्ये या सरावासाठी अर्धा तास धरा, आणि रात्रपाळीच्या मुलींना त्यात आधी घ्या.