एका दिवसाचा सौदा



सकाळीं सव्वानऊ वाजतां शेअर विकत घ्यावा आणि दुपारीं साडेतीनच्या आंत तो विकून मोकळें व्हावें, अगर आधीं विकून मागाहून विकत घ्यावा, या व्यवहाराला बाजारांत इन्ट्राडे किंवा डे ट्रेडिंग असें नांव आहे. शेअर हातीं राहत नाहीं, कंपनीच्या कारभाराशीं कांहीं कर्तव्य नाहीं, लाभांशाची अपेक्षा नाहीं; त्या दिवसांत भावाची जी चढउतार होईल तिच्यांतील फरक तेवढा पदरांत पाडून घ्यावयाचा. एके काळीं ही विद्या दलाल स्ट्रीटवरील मोजक्या मंडळींची होती. आज ती प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर येऊन बसली आहे. तेव्हां तिचे नियम आणि तिचे धोके यांचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

मुंबईला हा मोह नवा नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्याकडील कापसाचा भाव चढून मुंबईंत पैशाचा पूर आला. तो पैसा नव्या बँकांच्या आणि समुद्र हटवून जमीन काढूं पाहणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत चढला होता. सौदे वायद्याचे होते. पुष्कळांना शेअर घ्यावयाचाहि नव्हता आणि द्यावयाचाहि नव्हता, केवळ फरक घ्यावयाचा होता. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायदे पुरे करण्याचा दिवस उगवला तेव्हां देणें भागविण्यास लोकांजवळ पैसा नव्हता. प्रेमचंद रायचंदांसारखा मातबर सावकारहि त्या लाटेंतून सुटला नाहीं, आणि बँक ऑफ बॉम्बे बुडाली. पुढें दहा वर्षांनीं, १८७५ सालीं, दलालांनीं आपली मंडळी रीतसर स्थापन केली. आजचा मुंबई शेअरबाजार तो हाच. त्या वेळीं लोक बुडाले ते केवळ अंदाज चुकला म्हणून नव्हे. अंदाज सर्वांचेच चुकतात. ते बुडाले, कारण त्यांचा सौदा त्यांच्या ऐपतीहून मोठा होता.

आतां आजची स्थिति पाहूं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनें जुलै २०२४ मध्यें आपली पाहणी प्रसिद्ध केली. २०२२-२३ या वर्षीं शेअरांत एका दिवसाचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकीं शेंकडा ७१ तोट्यांत गेल्या. तीस वर्षांखालील तरुणांत हेंच प्रमाण शेंकडा ७६ होतें. आणि वर्षांत पांचशेंहून अधिक सौदे करणाऱ्यांत शेंकडा ८०. म्हणजे जो अधिक खेळला तो अधिक बुडाला. इतर धंद्यांत सरावानें हात बसतो असें आपण म्हणतों; येथें नुसत्या सरावानें खर्च मात्र वाढतो.

हा खर्च कसा वाढतो तें पाहा. एक लाख रुपयांचा शेअर घेऊन त्याच दिवशीं विकला आणि दलाली प्रत्येक बाजूस २० रुपये धरली, तर दलाली, विक्रीवरील २५ रुपयांचा व्यवहारकर, मुद्रांकशुल्क आणि इतर आकार मिळून सुमारें ८० रुपये होतात. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु रोज पांच सौदे आणि महिन्याला वीस दिवस असा हिशेब केला, तर ८,००० रुपये झाले. एक लाखाच्या भांडवलावर दरमहा आठ टक्के मिळविले, तर कोठें मुद्दल शाबूत राहील!

दुसरा धोका मार्जिनचा. सौद्याच्या किंमतीच्या निदान एक पंचमांश रक्कम आगाऊ ठेवली कीं दलाल बाकीच्या रकमेचा सौदा करूं देतो. २०,००० रुपये ठेवून लाखाचा शेअर घेतला आणि भाव चार टक्क्यांनीं उतरला, तर तोटा ४,००० रुपयांचा, म्हणजे आपल्या रकमेच्या एक पंचमांशाचा. आणि निम्मी रक्कम गमावणाऱ्यास पूर्वपदावर येण्यास उरलेल्या रकमेची दुप्पट करावी लागते, हें विसरूं नये.

आतां नियम. पहिला नियम असा कीं, घरखर्चाचा, मुलांच्या शिक्षणाचा किंवा कर्जाऊ पैसा या कामीं कदापि लावूं नये. दुसरा नियम, सौदा करण्यापूर्वींच तोट्याची मर्यादा ठरवावी. समजा, आपलें भांडवल एक लाख आहे आणि एका सौद्यांत एक टक्का, म्हणजे १,००० रुपयांहून अधिक गमवावयाचे नाहींत. ५०० रुपयांचा शेअर घेऊन ४९० ला बाहेर पडावयाचें ठरविलें, तर शेअरमागें तोटा १० रुपये; तेव्हां शंभर शेअर घ्यावे, एकशेंएकावा घेऊं नये. किती मिळेल या विचारानें नव्हे, तर किती जाईल या विचारानें सौद्याचा आकार ठरवावा. तिसरा नियम, उतरत्या भावांत आणखी शेअर घेऊन सरासरी खालीं आणण्याच्या भरीस पडूं नये. चौथा नियम, दिवसाचा ठरलेला तोटा झाला कीं त्या दिवसापुरता व्यवहार बंद करावा. गेलेला पैसा त्याच दिवशीं परत आणण्याची ईर्षा हा या बाजारांतील सर्वांत महाग शौक आहे.

साधनांविषयीं थोडेंसें. ज्या शेअरांत उलाढाल मोठी असते तेच निवडावे, म्हणजे बाहेर पडतांना गिऱ्हाईक सांपडतें. वाटेल त्या भावानें हुकूम न देतां भावाची मर्यादा घालून द्यावा. स्टॉप लॉसचा हुकूम प्रत्येक सौद्याबरोबर असावा. मात्र तो कवच आहे, अभेद्य तट नव्हे. २३ मार्च २०२० रोजीं सेन्सेक्स दहा टक्क्यांनीं खालीं आला आणि बाजार पाऊण तास थांबवावा लागला. दिवसअखेर घसरण तेरा टक्क्यांवर गेली. अशा वेळीं ठरविलेल्या भावास घेणारा मिळेलच असें नाहीं. आधीं विकणाऱ्यानेंहि ध्यानांत धरावें कीं शेअर वरच्या मर्यादेला जाऊन अडकला, तर तो परत विकत घेतां येत नाहीं आणि लिलावाचा भुर्दंड सोसावा लागतो.

पण सर्वांत उपयुक्त साधन जुनेंच आहे: रोजकीर्द. सौदा कां केला, किती भावानें केला, कां मोडला आणि खर्च वजा जातां काय उरलें, हें रोज लिहावें. तीन महिन्यांची वही जो प्रामाणिकपणें वाचील त्यास दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याची फारशी गरज पडणार नाहीं. सल्ला घ्यावयाचाच असेल, तर देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. खात्रीच्या नफ्याचें वचन देणाऱ्यास दारांतूनच निरोप द्यावा.

शेअरबाजार वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. उद्योगांना भांडवल तेथूनच मिळतें, आणि चांगल्या कंपनीचा शेअर वर्षानुवर्षें बाळगणारा मनुष्य त्या उद्योगाच्या वाढीचा वांटेकरी होतो. एका दिवसाच्या सौद्यांत अशी वाढ होण्यास वेळच नसतो. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांच्याहि हातून खर्च जातो तो निराळाच. म्हणून या वाटेनें जाणाऱ्यानें आधीं मनाशीं एक प्रश्न विचारावा: समोर जो विकत घेत आहे किंवा विकत आहे, त्याच्याहून मला अधिक काय ठाऊक आहे? उत्तर सुचलें नाहीं, तर त्या दिवशीं सौदा न करणें हाच उत्तम सौदा होय.