आयनेस्कोचे गेंडे आणि आपण विवेकवादी
(मासिक बैठकीतील भाषणाचा संक्षेप)



मी नाटकाचा अभ्यासक नव्हे, माझा जन्म गेला प्रयोगशाळेत. पण युजीन आयनेस्को (१९०९-१९९४) हा रुमानियात जन्मलेला फ्रेंच नाटककार बरीच वर्षे माझी पाठ सोडत नाही. त्याच्या नाटकांत काही गोष्टी पुन्हापुन्हा येतात.

पहिली, भाषेचे पोकळ होणे. इंग्रजी शिकायला घेतलेल्या पाठ्यपुस्तकातली माणसे सर्वांना ठाऊक असलेली माहिती एकमेकांना गंभीरपणे देतात, हे पाहून त्याला 'द बाल्ड सोप्रानो' (१९५०) सुचले. 'द लेसन'मध्ये (१९५१) तर प्राध्यापक शिकवता शिकवता विद्यार्थिनीचा खून करतो. दुसरी, वस्तूंची बेसुमार वाढ. 'द चेअर्स'मध्ये (१९५२) अदृश्य पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांनी रंगमंच भरून जातो. तिसरी, मृत्यू. 'एक्झिट द किंग' (१९६२) म्हणजे एका राजाचे मरायला शिकणे.

चौथी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते: माणसांचा कळप होणे. १९३० च्या दशकात बुखारेस्टमध्ये आयनेस्कोने आपले सुशिक्षित मित्र एकेक करून फॅसिस्ट 'आयर्न गार्ड'कडे झुकताना पाहिले. 'ऱ्हायनोसेरस' (१९५९) त्यातून आले. एका छोट्या गावात माणसे गेंडे होऊ लागतात.

यात कोण कोण गेंडा होते ते पाहा. सॉक्रेटिस मांजर होता असे सिद्ध करून दाखवणारा तर्कशास्त्री. पुढे एका गेंड्याच्या शिंगावर त्याची टोपी दिसते. बोतार हा माजी शिक्षक, कट्टर बुद्धिवादी. गेंडे ही वर्तमानपत्रांची थाप आहे, असे तो ठासून सांगतो. नाकारणे अशक्य झाल्यावर मी कधी नाकारलेच नव्हते, म्हणतो. शेवटी तोही जातो. आणि द्युदार, जो सगळे 'समजून घेतो'. समजून घेता घेता तोही जातो.

हे दोघे आपल्यातले आहेत, म्हणून मी अस्वस्थ होतो. माझ्या कॉलेजमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर एका समाजाविषयी विषारी मजकूर येऊ लागला. आधी मी म्हणालो, एखाददुसराच आहे, दुर्लक्ष करावे. हा माझ्यातला बोतार. मग म्हणालो, यामागची असुरक्षितता समजून घ्यावी. हा द्युदार. मी लिहिले तोवर त्या समाजातले आमचे दोन्ही मित्र काही न बोलता गट सोडून गेले होते. मला उत्तर कोणीच दिले नाही.

शेवटी माणूस म्हणून एकटा बेरांजे उरतो. तो ना विद्वान, ना शूर. दारू पितो, ऑफिसला उशिरा पोचतो. एकटे पडल्यावर गेंड्यांसारखे ओरडूनही पाहतो, पण ते त्याला जमत नाही. मग मात्र तो शरण न जाण्याचे ठरवतो.

म्हणजे बुद्धी आपल्याला आपोआप वाचवत नाही. उलट गप्प बसायला ती उत्तम कारणे पुरवते. त्या दोघा मित्रांना मी गेल्या आठवड्यात फोन केला. उशीर झाला होता. तरी एक जण तासभर बोलला.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.